बंद दाराचा नियम : नीरा डावा कालवा आणि जाळ्याची शिस्त

पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, नीरा आणि भीमा यांच्या बेचक्यात बारामती आणि इंदापूर हे तालुके आहेत. दक्षिणेला नीरा, उत्तरेला आणि पूर्वेला भीमा, आणि दोघींचा संगम इंदापूर तालुक्याच्या अगदी टोकाला, नीरा नरसिंहपूरला. दोन नद्या कुशीला असूनही मधला पट्टा मात्र अवर्षणाचा, कारण सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस इथवर येईतो पार ओसरलेला असतो. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने या भागाची दैना केली आणि त्यानंतर नीरेच्या डाव्या तीरावरून कालवा काढण्याच्या कामाला जोर आला. १८८५ च्या सुमारास वीरच्या बंधाऱ्यातून पाणी सुटलं. पुरंदरच्या कडेने, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातून (बारामती हे त्याचं ठाणं) इंदापूरपर्यंत सुमारे दीडशे किलोमीटरची ही वाट. वर भोरजवळ भाटघरला वेळवंडी नदी अडवून झालेल्या जलाशयाला व्हायटिंग नावाच्या इंजिनिअरचं नाव मिळालं आणि कालव्याला उन्हाळ्यापुरता साठा लाभला. या कालव्याबद्दल आजवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण बहुतेक ऊस, साखर आणि सत्ता यांच्या अंगाने. इथे त्याच्याकडे एक जाळं म्हणून पाहायचं आहे. जाळ्यात एकाच ठिकाणी पोचायला एकाहून अधिक वाटा असाव्यात का, आणि असल्या तर त्यांचं काय करायचं, हा प्रश्न या दोन तालुक्यांनी संगणकांच्या किती तरी आधी अनुभवला आहे. पर्यायी वाट बांधणं हे निम्मंच काम. ती एरवी बंद कोणी ठेवायची आणि कोणत्या खुणेवर उघडायची, याचा नियम आधी ठरलेला असणं हे उरलेलं निम्मं. नीरेच्या खोऱ्यात पहिलं निम्मं पुन्हा पुन्हा झालं आणि दुसरं दर वेळी मागे राहिलं, असं माझं म्हणणं आहे.

मूळ कालव्याची आखणी झाडासारखी होती. मुख्य कालवा हे खोड, त्यातून वितरिका, वितरिकेतून चाऱ्या, चारीतून पोटचाऱ्या आणि शेवटी शेतातला दांड. कोणत्याही वावरातून उलट चालत निघालं तर वीरपर्यंत जायला एकच वाट सापडते, दुसरी नाही. अशी रचना स्वस्त पडते हे एक कारण, पण तेवढंच नाही. झाडात हिशेब सोपा असतो. वरच्या दारातून किती सोडलं आणि खालच्या दारात किती पोचलं यांच्यातली तूट त्याच दोन दारांच्या मध्ये शोधायची, हे पाटकऱ्यालाही कळतं आणि वरच्या साहेबालाही. इंदापूर तर सरकारी हिशेबाची जुनी प्रयोगभूमी. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याच्या जमीनमोजणीचा आणि साऱ्याचा डोलारा इथे कोसळल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास याच तालुक्यात ती नव्याने बसवली आणि तीच रीत पुढे मुंबई इलाखाभर गेली. अशा राज्यकारभाराला एका मुखाचं, एका खोडाचं जाळं मानवलं यात नवल नाही. या आकाराचा दोषही त्याच्या गुणातच आहे. वाट एकच असल्याने वर कुठे भराव फुटला, कुणी रात्री चारीला फाळका घालून पाणी वळवलं किंवा मुखाशीच पाणी कमी सुटलं, तर खालचं सगळं एकदम कोरडं पडतं. इंदापूरच्या बाजूचा शेतकरी स्वतःला 'टेल'चा, म्हणजे कालव्याच्या शेपटाचा म्हणवतो, तो याच अर्थाने. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची फेरी, सुटल्याची बातमी त्याला कळते, पण शेजपाळीने, म्हणजे ठरलेल्या पाळ्यांनी, त्याच्या बांधाशी पाणी येईपर्यंत वरच्या प्रत्येकाची पाळी आणि प्रत्येकाचा लोभ त्याच्या मध्ये उभा असतो.

आता याच प्रश्नाची दुसरी बाजू, संगणकांच्या जाळ्यातली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कचेऱ्यांमधले संगणक इथरनेटच्या तारांनी जोडले जाऊ लागले आणि असे दोन-चार तुकडे एकमेकांना जोडण्यासाठी ब्रिज नावाची पेटी आली. कोणत्या पत्त्याचा संगणक आपल्या कोणत्या बाजूला आहे हे ही पेटी येणाऱ्या निरोपांवरून शिकते. पत्ता ओळखीचा असेल तर निरोप त्याच बाजूला पाठवते, नसेल तर आला ती बाजू सोडून सगळीकडे. एक तार तुटली तर काम अडू नये म्हणून दोन तुकड्यांमध्ये दोन ब्रिज बसवले की घात होतो. एकाने पुढे ढकललेला निरोप दुसरा उलट आणतो, पहिला तो पुन्हा ढकलतो. इथरनेटच्या निरोपावर आयुष्याची मर्यादा लिहिलेली नसते, म्हणून तो फिरतच राहतो. सगळ्यांसाठी पाठवलेला निरोप तर वाटा जास्त असतील तिथे फिरता फिरता वाढत जातो, पत्त्यांची यादी क्षणाक्षणाला उलटसुलट होते आणि काही सेकंदांत सगळं जाळं ठप्प होतं. यावरचा उपाय १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधल्या रेडिया पर्लमन यांनी शोधला. त्याचं नाव स्पॅनिंग ट्री, म्हणजे सगळ्यांना कवेत घेणारं झाड. तारा हव्या तेवढ्या घाला, पण वाहतूक एका वेळी झाडाच्याच आकारात चालू द्या. प्रत्येक ब्रिज सुरुवातीला स्वतःलाच मूळ समजतो आणि आपला क्रमांक कळवतो. सर्वांत लहान क्रमांकाचा तो मूळ ठरतो, बाकीचे त्याच्याकडे जाणारी सर्वांत जवळची वाट उघडी ठेवतात आणि उरलेली दारं बंद करतात. १९९० मध्ये याचं अधिकृत मानक झालं.

या युक्तीतला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे त्या बंद दाराचं वागणं. ते निरोप पुढे नेत नाही, पण ऐकत राहतं. मूळ ब्रिजकडून दर २ सेकंदांनी 'मी आहे' असा छोटा निरोप निघतो आणि खालचे ब्रिज तो पुढे देत राहतात. बंद दार तो कान देऊन ऐकतं. २० सेकंद तो आला नाही तर वरची वाट तुटली असं मानतं, आणि तरीही लगेच उघडत नाही. आधी १५ सेकंद नुसतं ऐकतं, मग १५ सेकंद पत्ते शिकतं आणि तेव्हाच वाहतूक सुरू करतं. घाईने उघडलं तर तात्पुरतं वेटोळं होऊन सगळंच बुडेल, म्हणून ही सबुरी नियमातच घातली आहे. २००१ च्या सुधारित आवृत्तीने शेजाऱ्याला विचारून खात्री करण्याची सोय केली आणि हे वाट पाहणं बहुतेक वेळा काही सेकंदांवर आणलं. पण बंद ठेवायचं, ऐकत राहायचं, खात्री झाली की उघडायचं, हा क्रम बदलला नाही.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. पाणी उताराने वाहतं, ते चढावर परत येत नाही. कालव्यात वेटोळं होतच नाही, मग ही तुलना कशाला? वाहत्या पाण्यापुरतं हे खरं आहे. कालव्यातून बाहेर पडलेल्या पाण्यापुरतं नाही, आणि याचा पुरावा याच खोऱ्यात नोंदलेला आहे. कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षं होतात न होतात तोच नीरेकाठच्या जमिनींना मीठ फुटू लागलं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरल्ड मान आणि व्ही. ए. तम्हाणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर एक स्वतंत्र अहवालच प्रसिद्ध केला. घडत होतं ते असं. उसाला वर्षभर भरपूर पाणी दिलं जाई. कालव्याच्या तळातून आणि वाफ्यांतून मुरलेलं पाणी खाली जाऊन निघून जाण्याऐवजी सखल भागात साचे, भूजल वर चढे, मुळांशी येई, आणि उन्हाने वरचं पाणी उडालं की त्यातलं मीठ तेवढं मागे राही. काळीभोर जमीन आधी चिबड होई, मग पांढरी. पाणी देणारी यंत्रणा पाणी किती आलं ते मोजत होती. दिलेलं पाणी कुठे जातं आणि कधी संपतं याची नोंद कुठल्याच वहीत नव्हती. निरोपावर आयुष्याची मर्यादा नसली की जाळं गुदमरतं, तसं इथे बाहेर पडायची वाट न दिलेल्या पाण्याने रान गुदमरलं. उपायही रचनेतच शोधावा लागला. उघडे आणि जमिनीखालचे चर काढून साचलेलं पाणी ओढ्याला लावून देणं, हे काम पुढे क्लॉड इंगलिस यांच्यासारख्या मुंबई इलाख्यातल्या इंजिनिअरांनी दख्खनच्या कालव्यांवर बरीच वर्षं केलं. म्हणून तुलनेची मर्यादा मान्य करूनही मी ती सोडत नाही. जे जाळ्यात शिरतं त्याला कुठे थांबायचं ते सांगितलेलं नसेल, तर मुबलकपणाच नासाडी करतो. ही गोष्ट तारेला आणि पाण्याला सारखीच लागू आहे.

मूळ कोण, हा दुसरा प्रश्न, आणि तोही नीरेवर लवकरच उभा राहिला. ऊस मुखाजवळ एकवटू लागला, सासवडकडचे माळी बागायतदार खाली येऊन खंडाने जमिनी घेऊन गुळाचा व्यापार वाढवू लागले, आणि कोरडवाहू गावांसाठी काढलेल्या कालव्याचं पाणी थोड्या गावांत मुरू लागलं. १९०१ ते ०३ च्या सिंचन आयोगाच्या काळात मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी ब्लॉक पद्धत सुचवली आणि तिचा पहिला मोठा प्रयोग नीरा डाव्यावरच झाला. दर वर्षी अर्ज करून कुणीही कुठेही ऊस लावण्याऐवजी गावात एक सलग तुकडा ठरवायचा, त्याला काही वर्षांच्या मुदतीने पाण्याची हमी द्यायची, आणि त्यातल्या सुमारे तिसऱ्या हिश्श्यावर फिरत्या क्रमाने ऊस घेऊन बाकीवर हंगामी पिकं घ्यायची. थोडं पाणी जास्त गावांत आणि मोजून पोचावं हा हेतू. ठरावीक पाणीच सोडणारी दारं बसवण्याचे प्रयोगही या कालव्यावर झाले. तत्त्व उत्तम होतं, कारण कोणती दारं उघडी आणि कोणती बंद हे मोसमाआधी, सगळ्यांना कळेल असं ठरत होतं. व्यवहारात ब्लॉक हळूहळू उसाचेच झाले. पुढे इंदापूर तालुक्यात वालचंदनगर, मग सहकाराच्या लाटेत भवानीनगर, माळेगाव आणि सोमेश्वर इथे कारखाने उभे राहिले आणि कालव्याचा कल कायमचा उसाकडे झुकला. पर्लमन यांच्या पद्धतीतही हा धोका आहे आणि जाळ्यांची देखभाल करणाऱ्यांना तो चांगला ठाऊक असतो. कुणी लक्ष घातलं नाही तर सगळ्या ब्रिजची प्राथमिकता सारखीच राहते, मग निव्वळ लहान क्रमांकाचा, बहुधा जुना आणि मंद ब्रिज मूळ ठरतो आणि साऱ्या वाहतुकीला त्याच्या दारातून जावं लागतं. मूळ विचारपूर्वक नेमावं लागतं. आपोआप नेमलं गेलं की ते आधीपासून जागा धरून बसलेल्याकडे जातं.

पर्यायी वाटा मात्र या खोऱ्यात पुष्कळ झाल्या. इंदापूरच्या टोकाला शेटफळचा तलाव कालव्याच्या पाण्याने भरून घेतला जाऊ लागला, म्हणजे टेलच्या दाराशीच एक राखीव साठा आला. भाटघरचं मोठं धरण झालं, उजवा कालवा फलटण-माळशिरसकडे गेला, १९६५ च्या सुमारास वीरला मोठं धरण आलं, नंतर नीरा देवघर. उत्तरेकडून मुठेवरच्या खडकवासल्याचा कालवा दौंड ओलांडून इंदापुरात पोचला. १९८० मध्ये भीमेवर उजनी झाली, तिचा फुगवटा इंदापूरच्या कडेने पसरला आणि तिथून उपसा योजना निघाल्या. आज इंदापूर तालुक्याच्या नकाशावर बोट ठेवलं तर नीरेचं, मुठेचं आणि भीमेचं पाणी काही मैलांच्या अंतरावर सापडतं. इतक्या वाटा असताना टेलची तक्रार संपायला हवी होती. ती संपली नाही, कारण प्रत्येक वाट आपापल्या प्रकल्पाच्या वहीत मोडते. नीरेचं आवर्तन लांबलं तर शेटफळ किती दिवसांत आणि कुणाच्या हुकमाने उघडायचा, खडकवासल्याचं पाणी पुण्याच्या वाढत्या तहानेपुढे कमी पडलं तर त्या गावांना उजनीतून किती द्यायचं, हे आधी लिहिलेलं नसतं. ते कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं, तेही तंगी आल्यावर. नीरा देवघरच्या शिल्लक पाण्याचं उदाहरण ताजं आहे. डाव्या कालव्याला मिळणारं हे पाणी २०१९ मध्ये सरकारने उजव्याकडे वळवायचं ठरवलं आणि पुढच्याच वर्षी सरकार बदलल्यावर वाटप पुन्हा नव्याने केलं. दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांच्या मागण्यांत दम होता, आणि मी इथे कुणाची बाजू घेत नाही. एका वर्षात दोनदा मूळ बदललं तर खालच्या प्रत्येक दाराला नव्याने दिशा शोधावी लागते. उसाची लागण मात्र एकदाच होते, आणि ती आधीच झालेली असते.

माणसं म्हणजे ब्रिज नव्हेत, असं यावर कुणीही म्हणेल. यंत्राला स्वार्थ नाही, मत नाही, तहान नाही, आणि पाणीवाटप हा न्यायाचा प्रश्न असल्याने तो ठरावीक सूत्राने सुटणार नाही. यातला न्यायाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. सूत्र कोणतं असावं हे लोकांनीच ठरवायचं. राज्याने २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आणि शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांचा असे दोन कायदे केले तेव्हा हाच विचार होता. माझं म्हणणं सूत्र केव्हा ठरावं याबद्दल आहे. दुष्काळात ठरवलेलं सूत्र ज्याचा आवाज मोठा त्याचं होतं. आणि यंत्रंही आपोआप शहाणी राहत नाहीत. २००२ च्या नोव्हेंबरमध्ये बोस्टनच्या बेथ इस्रायल डिकोनेस या मोठ्या रुग्णालयाचं जाळं काही दिवस कोलमडलं, डॉक्टर-परिचारिकांना कागदावर काम करावं लागलं. एकेक विभाग जोडत जोडत ते जाळं इतकं लांबलं होतं की स्पॅनिंग ट्री ज्या अंतराच्या हिशेबाने बेतलेलं होतं ते अंतर ओलांडलं गेलं, आणि वाढताना तो हिशेब कुणी पुन्हा तपासला नव्हता. नियम चांगला होता, पण ज्या आकारासाठी तो केला होता तो आकार राहिला नव्हता. नीरेच्या शेजपाळीचं हेच झालं आहे. ती पाटाने वाहणाऱ्या पाण्यासाठी आखली होती. आता कालव्याच्या काठावर विजेच्या मोटारी आहेत आणि किती तरी पाणी चारीच्या दारातून जातच नाही.

सगळ्यांत दुर्लक्षित पर्यायी वाट मात्र कोणत्याही आराखड्यात नाही. कालव्यातून झिरपणारं पाणी त्याच्या दोन्ही अंगांच्या विहिरींत उतरतं, आणि आवर्तन बंद असतं त्या दिवसांत बारामती-इंदापूरचं बरंचसं रान या विहिरींवर तगतं. ज्या झिरप्याने १९१० पर्यंत जमीन खारवली, तोच झिरपा विहिरींनी उपसायला सुरुवात केल्यावर आधार झाला. साचणाऱ्या पाण्याला बाहेर पडायची वाट मिळाली आणि टेलला दुसरा घोट मिळाला. म्हणून डाव्या कालव्याच्या अस्तरीकरणाचा विषय निघाला की गावं विरोधाला उभी राहतात. अस्तर हवं म्हणणाऱ्यांचं कारण खोटं नाही. गळती थांबली तर तेच पाणी खालपर्यंत लवकर पोचेल. पण नोंदवहीत जी गळती आहे ती विहीरमालकाच्या दृष्टीने कायम उघडी असलेली राखीव वाट आहे. ती बुजवायची असेल तर आधी तिची मोजणी व्हायला हवी. कोणत्या विहिरी तिच्यावर आहेत, आवर्तनांमधलं अंतर त्या किती दिवस भरून काढतात, अस्तरानंतर तेवढे दिवस कोणत्या दाराने भरून निघतील? हे लिहून न ठेवता काँक्रीट ओतलं तर जाळ्याचा आकार बदलेल आणि नियम जुनाच राहील.

हाच प्रश्न आता या तालुक्यांत तारेच्या रूपाने परत आला आहे. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची केंद्राची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, पुढे तिला भारतनेट नाव मिळालं. तिच्यातली बरीचशी तार तालुक्यापासून गावांकडे एका रेषेत, म्हणजे नीरा डाव्याच्याच आकाराने गेली. रस्त्याच्या रुंदीकरणात जेसीबीने एका जागी ती तोडली की त्यापुढची सगळी गावं एकदम बंद, अगदी टेलच्या चारीसारखी. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात तालुका आणि ग्रामपंचायतींना वळ्याच्या आकारात जोडायचं ठरलं, म्हणजे प्रत्येक गावाला दोन बाजूंनी वाट. या वळ्यातली वाहतूक स्पॅनिंग ट्रीपेक्षा नव्या रीतीने चालेल, निरोपावर आयुष्याची मर्यादाही असेल. तरी पर्लमन यांनी बंद दाराला घातलेली अट सुटत नाही. एरवी वापरात नसणारी बाजू जिवंत आहे की नाही हे सतत ऐकत राहावं लागतं. वळ्याची एक बाजू आज तुटली तर गावात कुणाला कळणारही नाही, कारण दुसरीने काम चालू राहील. दुरुस्तीचं बिल त्या दिवशी निघालं नाही, आणि महिन्याने दुसरी बाजू तुटली, तर दोन वाटांवर झालेला खर्च एका वाटेइतकाही कामी येत नाही. म्हणून इंदापूरच्या टोकाच्या ग्रामपंचायतीने सेवा चालू आहे ना, एवढंच विचारून थांबू नये. आपल्याकडे येणारी दुसरी तार शेवटची केव्हा तपासली, आणि ती नादुरुस्त निघाली तर किती दिवसांत कोण जोडून देणार, हे तिने लेखी मागून घ्यावं. शेटफळच्या तलावाबद्दल हेच प्रश्न लेखी विचारायला आजही हरकत नाही.